पुऱ्या भावाची मांदेली

मला चांगलं वागण्याची लागण झाली ती बटाटेवड्यापायी. अलिबागला ज्या सरकारी कचेरीत मी कारकुनी करते, तिथे एक दिवसाची कार्यशाळा लागली होती. विषय होता ‘जबाबदार ग्राहक’, आणि परिपत्रकाच्या तळाशी ‘अल्पोपाहाराची सोय केली आहे’ असं लिहिलं होतं. इतकी वर्षं सरकारी कागद हाताळले की माणसाला परिपत्रक खालून वर वाचायची सवय होते. मी लगेच नाव दिलं.

सभागृहात प्रत्येक खुर्चीवर पाण्याची एकेक इवली बाटली, टेबलावर प्लास्टिकची फुलं, आणि प्लास्टिक कसं टाळावं हे सांगायला मुंबईहून रो-रो बोटीत भलीमोठी गाडी चढवून आलेल्या एक बाई. मी मागच्या रांगेत हसायच्या तयारीनेच बसले होते. पण बाई बोलल्या बऱ्या. म्हणाल्या, एका दिवसात साधू व्हायला जाऊ नका, महिन्याला एक सवय बदला. कापडी पिशवी विकत घेऊ नका, घरातलं जुनं कापड फाडा. जवळ पिकतं ते जवळच्या माणसाकडून घ्या. खिशाला चाट बसेल असं काही करूच नका, कारण ते टिकत नाही. इथवर मला सगळं पटलं होतं आणि वडाही चांगला होता. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, ‘मॉलमध्ये छापील किंमत मुकाट्याने देता, आणि दारावर येणाऱ्या गरीब बाईशी वीस रुपयांसाठी घासाघीस करता. कोणाच्या तोंडचा घास काढता तुम्ही?’

दुसरा वडा काही माझ्या घशाखाली उतरेना. कारण त्याच दिवशी सकाळी मी आमच्या मासेवालीने सांगितलेल्या भावाच्या निम्म्यात मांदेलीचा वाटा घेतला होता, वर तिच्याकडून दोन बोंबील काढले होते, आणि कचेरीत पोचेपर्यंत मी त्या आनंदात होते.

या मासेवालीला मी मावशी म्हणते. वीसेक वर्षं झाली, सकाळी ती धक्क्यावरून मासे भरते, मिनीडोअरमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या सहा सीटच्या रिक्षात, सहाच्या जागी अकरा माणसांत बसून आमच्या गावात उतरते, आणि पाटी पहिल्यांदा उतरवते ती आमच्या पडवीत. तिच्या दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, माझ्या हातची. माझ्या हाताला गुण आहे, मी भवानी केली की बारा वाजायच्या आत पाटी रिकामी होते, असं तिचं म्हणणं. मी दिलेले पैसे ती आधी पाटीला लावते, मग कपाळाला, आणि मग कमरेच्या पिशवीत टाकते. हल्ली पाटीच्या काठाला क्यूआर कोडाचा पुठ्ठा बांधलेला असतो, पण भवानी मात्र रोखच. फोन कपाळाला लावला तर लक्ष्मी येते की नुसता स्क्रीन बिघडतो, हे तिला अजून ठरवता आलेलं नाही.

मी मूळची माणगावकडची, भातशेतीवाल्यांच्या घरातली. आमच्याकडे मासे म्हणजे पावसाळ्यात शेतात चढणारे आणि एरवी बाजारातली सुकट. लग्न होऊन समुद्राकाठी आले तेव्हा मला हलवा आणि पापलेट यांतला फरक कळत नव्हता. सासूबाई आधीच गेलेल्या, त्यामुळे घरात सांगणारं बाईमाणूस नाही. मावशी पहिल्यांदा दारात आली तेव्हा तिने भाव सांगितला आणि मी तेवढे पैसे काढून दिले. ती ते घेऊन बेड्यापर्यंत, म्हणजे कुंपणाच्या फाटकापर्यंत गेली, थांबली, परत आली आणि अर्धे पैसे माझ्या हातावर ठेवून म्हणाली, ‘अशी ऱ्हायलीस त गाव तुना इकून खाईल.’

मग तिने पाटीशेजारी उकिडवं बसून मला शिकवलं. ‘पयला अर्धा बोलाचा. मी वरडेन, वरडू दे. मग दाराकडं वलाचा. मी हाक मारली तरी झटक्यान मागं बगाचा नाय. मग मी थोरा उतरेन, तू थोरी चढ. आनि शेवटाला वर दोन मागाचे. मागल्याबिगर कोनी देत नाय.’ म्हणजे माझ्याशी भाव कसा करायचा हे मला खुद्द तिनेच शिकवलं. असा धंदा करणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

पण कार्यशाळेच्या दिवशी यातलं काही मला आठवलं नाही. चांगलं व्हायची घाई लागली की माणसाला फार कमी आठवतं.

मी बाईंच्या सल्ल्याप्रमाणे सुरुवात घरापासून केली. नवऱ्याची एक जुनी लुंगी फाडून तिच्या चार पिशव्या शिवल्या. माझा नवरा आमची नारळ-सुपारीची छोटी वाडी बघतो आणि दिवसाला साधारण वीस शब्द बोलतो. त्यातले तीन त्याने त्या दिवशी खर्च केले. ‘लुंगी माझी होती.’ मी म्हटलं, ‘होती. आता ती पृथ्वीची आहे.’ तो वाडीत निघून गेला.

दुसऱ्या महिन्यात मी वाण्याकडे स्वतःचे डबे घेऊन गेले. आमचा वाणी काठेवाडातून आलेल्या आजोबांचा नातू, आणि विनोद करताना त्याच्या तोंडावरची माशी हलत नाही. त्याने तूरडाळीचं प्लास्टिकचं पाकीट फोडलं, डाळ माझ्या डब्यात ओतली, रिकामं पाकीट बाजूच्या टोपलीत टाकलं आणि म्हणाला, ‘लो बेन, प्लास्टिक वगरनी डाळ. आ डब्याचं वजन कोणाच्या नावावर टाकू?’ दुकानातली माणसं हसली. मी तणतणत घरी आले, पण हट्टाने पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला त्याने मागून गोणी पुढे ओढली आणि डाळ गोणीतून दिली, पाकिटापेक्षा स्वस्त. गोणी आतल्या बाजूला इतकी वर्षं होतीच. मी विचारलं नव्हतं म्हणून त्याने सांगितलं नव्हतं.

मग खोबरेल तेलाचा नंबर लागला. आमच्या वाडीतले नारळ व्यापाऱ्याला विकायचे आणि त्याच्या दुकानातून तेलाची बाटली विकत आणायची, हा मूर्खपणा आमच्या घरात इतका जुना होता की तो आम्हाला रिवाजच वाटत होता. मी खोबरं वाळवलं, शेजारच्या गावातल्या घाण्यावर गाळून आणलं. तेल उत्तम निघालं. नवऱ्याच्या डोक्यावर केस नसल्यामुळे त्याचं मत विचारलं नाही. फोनवरून दर पंधरवड्याला एक स्वस्तातला कुर्ता मागवायची मला खोड होती, तीही मोडली. कपाटातले सात कुर्ते शिंप्याकडून बाह्या बदलून घेतले. तो म्हणाला, ‘ताई, कापड भारी आहे, शिवण भिकार आहे.’ हे ऐकून मला फार बरं वाटलं, जणू कापड मीच विणलं होतं.

थोडक्यात काय, तीन-चार महिन्यांत मी बरीच असह्य झाले होते. कचेरीत कोणी चहाला कागदी कप घेतला की मी त्याच्याकडे बघायची. लोक मला बघून कप पाठीमागे धरायचे. आणि मग एका सोमवारी मी ठरवलं की आता मुख्य पापाला हात घालायचा. मावशीशी घासाघीस बंद.

त्या दिवशी तिने पाटी उतरवली, वरचं ओलं गोणपाट बाजूला केलं आणि मांदेलीच्या वाट्यावर बोट ठेवून म्हणाली, ‘दोनशे.’

मी आतून दोनशे आणून तिच्या हातावर ठेवले.

तिचं तोंड पुढच्या वाक्यासाठी उघडलेलं होतं आणि ते वाक्य बोलायची वेळच आली नव्हती. ‘दोनशे बोलले मी,’ ती म्हणाली.

‘हो ना. घे.’

तिने वाकून माझ्या पाठीमागे घरात नजर टाकली. ‘काय झायला गो तुना? घरात कोन आजारी हाय?’

‘कोणी नाही.’

‘तुझा धनी बरा हाय ना?’

‘चांगला ठणठणीत आहे. वाडीत आहे.’

तिने मांदेली माझ्या भांड्यात ओतली. सवयीने वर दोन बोंबील टाकायला हात उचलला. मी भांडं मागे घेतलं. ‘नको मावशी, उगाच तुझं नुकसान.’ तिचा हात बोंबील धरून तसाच राहिला. मग तिने ते पाटीत परत ठेवले, गोणपाट ओढलं, आणि पैसे कपाळाला न लावताच निघून गेली. मला वाटलं, माझ्या चांगुलपणाने ती भारावली. दिवसभर मी कचेरीत स्वतःवर खूश होते. एका सहकाऱ्याला कागदी कप वापरल्याबद्दल माफसुद्धा केलं.

दुसऱ्या दिवशी तिने वाकट्यांचा वाटा अडीचशे सांगितला. मी पैसे काढायला वळले तशी ती घाईघाईने म्हणाली, ‘बरा, दोनशे.’ मी म्हटलं, ‘अडीचशे म्हणालीस ना?’ ती म्हणाली, ‘दीडशे दे आनि गप ऱ्हा.’ एकटीच भाव करत होती बिचारी, दोन्ही बाजूंनी. मी अडीचशे पुढे केले आणि त्या चष्मा काढणाऱ्या बाईंच्या आवाजात म्हणाले, ‘तू उन्हातान्हात फिरतेस, मावशी. तुझ्या कष्टाचे पैसे मी कापून घेणार नाही. मला कळतं.’

‘कवापासून कलाया लागला तुना?’ ती म्हणाली. मग उभी राहिली. ‘मी म्हावरा इकतंय, बाय. भीक नाय मागत.’

तिने दीडशेच घेतले, उरलेली नोट पडवीच्या कठड्यावर ठेवली. डोक्यावर पाटी चढवताना रोज ती ‘हात लाव गो’ म्हणते आणि मी एका बाजूने उचलून देते. त्या दिवशी तिने वाडीच्या दिशेने तोंड करून माझ्या नवऱ्याला हाक मारली. तो आला, त्याने पाटी उचलून दिली, माझ्याकडे बघितलं आणि त्याचे त्या दिवसाचे शब्द शिल्लक असूनही काही बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी ती आमच्या बेड्यासमोरून सरळ पुढे गेली.

आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तरीणबाई राहतात. चिकट इतक्या की खडूचा शेवटचा तुकडा त्या पेन्शनीत घेऊन आल्या असं नवरा सुद्धा म्हणतो, आणि तो उगाच शब्द वाया घालवत नाही. मावशीने भवानी त्यांच्याकडे नेली. मेंदीच्या कुंपणापलीकडून मला सगळं ऐकू यायचं. ‘शंभर!’ ‘शंभरात काटा पन येत नाय!’ ‘मग काटा तूच ठेव!’ मग दाराचा आवाज, मग हाक, मग हसणं, मग पुन्हा भांडण. मी कुंपणाआड अबोली तोडायच्या निमित्ताने उभी राहायची. अबोलीला फुलं उरली नाहीत तरी उभी राहायची. नवऱ्याबद्दल मला आयुष्यात कधी असा जळफळाट झाला नव्हता, अर्थात त्याने तशी संधीही दिली नाही.

दोन आठवडे असेच गेले. मी कचेरीतून येताना अलिबागच्या एका थंडगार दुकानातून मासे आणायला लागले. थर्माकोलच्या ताटात, वरून प्लास्टिकचा पापुद्रा, आणि तो सगळा ऐवज मी लुंगीच्या पिशवीत घालून आणायची. नवऱ्याने एक घास खाल्ला आणि विचारलं, ‘हे कुठल्या समुद्रातलं?’ मी म्हटलं, ‘फ्रीजमधल्या.’ त्याने ताट बाजूला सारलं आणि आमच्या लग्नानंतरचं त्याचं सगळ्यात लांब भाषण केलं. ‘आपल्या गावात भाव कोण करत नाही? बंगलेवाले. शनिवारी येतात, सांगेल ती किंमत देतात, रविवारी जातात. त्यांना ती दुप्पट सांगते आणि त्यांची नावंही तिला माहीत नाहीत. तू त्यांच्यात जाऊन बसलीस.’

मी म्हटलं, ‘मी तिचं भलं करत होते.’

‘ते तिला विचारलंस?’ तो म्हणाला आणि पाणी पिऊन उठला.

मला राग आला. त्याचा नाही, तो खरं बोलत होता म्हणून आला. भांडी घासताना मला माझे वडील गेले तेव्हाची गोष्ट आठवली. तेरा दिवस माणगावला काढून मी परत आले होते. कोणाशी बोलावंसं वाटत नव्हतं, आणि जे भेटायला यायचे ते हळू आवाजात बोलायचे, त्याने आणखीच गुदमरायला व्हायचं. मावशी आली, पाटी उतरवली आणि चार मरतुकड्या बोंबलांवर बोट ठेवून म्हणाली, ‘पाचशे.’ मी नुसती बघत राहिले. ‘पाचशे. परवडत नसल त ऱ्हाव दे.’ माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, पाचशेला काय बोंबलाबरोबर होडी देतेस का? ती ओरडली, मी ओरडले. बाप मेलेल्या माणसाला लुबाडतेस, असंही मी बोलले. बोलले आणि पहिल्यांदा मोठ्याने रडले. तेरा दिवसांत तसं रडता आलं नव्हतं. ती पाटीशेजारी बसून राहिली, तिची भवानी खोळंबली, पुढची सगळी गिऱ्हाइकं खोळंबली. माझं रडणं संपल्यावर तिने बोंबील माझ्या भांड्यात टाकले आणि सत्तर रुपये घेतले. फुकट दिले नाहीत. फुकट दिले असते तर मी घेतले नसते, हे तिला माहीत होतं.

आणि तिला मी बंगलेवाल्यांसारखी कडक नोट काढून दिली होती. मला खरंच लाज वाटली. कार्यशाळेत वाटली होती ती लाज नव्हती, ती बटाटेवड्याबरोबर फुकट मिळालेली होती.

रविवारी दुपारी मी स्टीलचा डबा घेऊन नाक्यावर गेले. उरलेले मासे संपवायला ती तिथे पिंपळाखाली बसते. आजूबाजूला आणखी चार-पाच मासेवाल्या होत्या. तिने मला पाहिलं आणि माश्या वारायला लागली. माशी एकही नव्हती.

मी काही बोलणार तेवढ्यात अर्ध्या चड्डीतला एक गृहस्थ कुत्र्याला घेऊन आला. ‘आंटी, ये कितने का?’ तिने मला आजवर कधी सांगितली नसेल अशी किंमत सांगितली. त्याने फोन पुढे केला, तिच्या फोनमधली बाई पैसे जमा झाल्याचं ओरडली, आणि तो मासे घेऊन गेला. मावशीने त्याच्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही. पुढच्या शनिवारी हा माणूस आला नाही तर तिला काही फरक पडणार नव्हता. गेल्या दोन आठवड्यांत मी कोणाच्या रांगेत उभी होते ते मला तिथे उन्हात उभं राहून दिसलं.

‘ढोम्यांचा वाटा कितीला?’ मी विचारलं.

‘तुना कशाला भाव? मी सांगेन तेवढे तू देतेस.’ बाकीच्या बायका हसल्या. म्हणजे गावभर झालं होतं.

‘शंभर,’ मी म्हटलं.

‘जा घरी.’

‘एकशेवीस.’

‘अगो, मी भाव बोललेच नाय आनि ही चढते काय!’ पुन्हा हशा. मी घासाघीस सुद्धा विसरले होते. मग मी डबा खाली ठेवला आणि तिच्यासमोर बसले. साडी ओली झाली. ‘चुकलं माझं, मावशी,’ मी म्हटलं. ‘तू दारावरून पुढे जातेस ते मला सहन होत नाही.’

तिने पाण्याचा हबका ढोम्यांवर मारला, अर्धा माझ्यावर आला. ‘तुझ्या हातची भवानी मी कपालाला लावतंय,’ ती म्हणाली. ‘कपालाला कमाई लावतात. भीक लावत नाय. त्या दिशी मी पैसं हातात घेऊन मिनीडोअरपत गेले, मना काय कपालाला लावता येयना.’

ती आता सुटली होती. ‘माझा भला कराचा व्हता त मना इचाराचा. तुना दर येली तलहाताएवढी पापलेटं लागतात. का? त तव्यात अख्खी मावतात! पोरं हायत ती. पोरंच खाल्लीस त मोठी कुठनं येतील? मी उद्या काय इकू, लाटा?’ शेजारची म्हणाली, ‘बरोबर हाय.’ मावशीने तिलाही गप्प केलं. ‘शिंगाला आनला त तू नाक मुरडतेस, जसा काय मी साप आनलाय. पावसात होऱ्या बंद असतात, तवा मी सुकट घेऊन घरोघर हिंडते आनि तू कोंबरी शिजवतेस. वास येतो ना मना, मसाल्याचा!’ मग ती आवाज उतरवून म्हणाली, ‘आनि तुझ्या परवीत पंखा हाय. येवरी वरसं घाम पुसत तुझ्याशी भांडतंय मी. कवा त्याचा बटन दाबलास? त्याला काय पैसं परतात?’

पंख्याचं बटण माझ्या खांद्याशी असतं. रोज भाव करताना मी त्याच भिंतीला टेकून उभी असते. प्लास्टिक, खोबरेल, कुर्ते, कागदी कप, सगळ्या पृथ्वीची काळजी करून झाली होती आणि त्या बटणाकडे माझा हात गेला नव्हता.

‘उद्या येशील?’ मी एवढंच विचारलं.

‘बगेन,’ ती म्हणाली. ‘मास्तरीन लई कडक हाय, पन मजा येतं तिच्याशी.’ हे तिने मुद्दाम टाकलं होतं, आणि ते मला बरोबर लागलं.

ढोमे तिने मला दिले नाहीत. रिकामा डबा वाजवत मी घरी आले. रात्री जेवायला पिठलं केलं.

सोमवारी मी पहाटेच उठले. पडवी झाडली, पाटीच्या जागेशेजारी स्टूल ठेवलं, तांब्याभर पाणी ठेवलं. मिनीडोअरचा आवाज आला तसं पंख्याचं बटण दाबलं. तो पंखा वर्षानुवर्षं कोणी लावला नव्हता. त्याने आधी धूळ टाकली, मग कुरकुर केली, मग फिरायला लागला. मी दाराला टेकून उभी राहिले. मास्तरीणबाई त्यांच्या पायरीवर पातेलं घेऊन बसल्या होत्या. रस्त्यावर मावशी दिसली. ती आमच्या बेड्यापाशी आली, तिने मास्तरीणबाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पडवीतल्या पंख्याकडे पाहिलं. मग बेडा सरकवला.

पाटी उतरवायला मी हात लावला. ती स्टुलावर बसली, पाणी घटाघटा प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि गोणपाट उचललं. पाटीत वरच काळा, मिश्यांचा, भलामोठा शिंगाळा होता. माझ्याकडे रोखून बघत ती म्हणाली, ‘चारशे.’

‘दोनशे,’ मी म्हटलं. जेमतेम मलाच ऐकू आलं.

‘मोठ्यानं बोल. मास्तरनीला आयकू जाऊ दे.’

‘दोनशे!’ मी ओरडले. ‘मिश्यांचे पैसे वेगळे लावलेस की काय!’

‘अगो, तुझ्या माणगावात बघितलास का कवा असा शिंगाला? चिखलातली मासली खाऊन वाढलेली तू!’

‘चिखलातली असेल, पण चारशेची नव्हती!’ मी दाराकडे वळले. तिने हाक मारली. मी मागे बघितलं नाही. तिने दुसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा मला डोळे पुसायला वेळ हवा होता म्हणून मी आणखी थोडी थांबले. बहुतेक माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात कडक घासाघीस तिला वाटली असेल.

दोनशे साठला ठरलं. मी पैसे दिले. तिने ते पाटीला लावले, मग कपाळाला लावले आणि डोळे मिटून क्षणभर तसेच धरून ठेवले. मग विळीवर बसून तिने शिंगाळ्याचे तुकडे केले, माझ्या भांड्यात टाकले, आणि वर दोन बोंबील ठेवले.

मी भांडं मागे घेतलं नाही. उलट पुढे केलं. ‘दोनच? तीन घाल.’

‘भिकारीन कुठली,’ ती म्हणाली आणि तिसरा बोंबील माझ्या भांड्यात टाकला.